फाएन्त्साच्या सिन्योरा

जेवायला बसणं म्हणजे काय, हे मी साठी ओलांडल्यावर शिकले. शिकवणाऱ्या बाई इटलीतल्या फाएन्त्सा या गावच्या. त्यांना मराठी येत नाही आणि माझं इटालियन बाजारहाटापुरतं. तरीही आज आमच्या घरात दोन वेळचं जेवण ज्या रीतीनं होतं, ती रीत त्यांची आहे. त्यांचं नाव इथे देत नाही, त्यांना ते रुचणार नाही. आम्ही दोघं त्यांना पहिल्या दिवसापासून सिन्योरा म्हणत आलो, तेच लिहिते.

आधी आमच्या घराबद्दल सांगायला हवं. सांगलीच्या गावभागात आमचं जुनं घर. मी लग्न होऊन आले तेव्हा पंगतीच बसायच्या. आधी पुरुष आणि मुलं, मग आला-गेला, सगळ्यांत शेवटी सासूबाई आणि मी. गरम पोळी तव्यावरून थेट पानात पडली पाहिजे, ही घराची शिस्त. त्यात जाच नव्हता. सासूबाई प्रेमळ होत्या आणि पानावरचं माणूस तृप्त होऊन उठलं की मलाही समाधान वाटायचं. पुढे माणसं पांगली, घरात आम्ही दोघं आणि मुलगी एवढेच उरलो, पण रीत तीच राहिली. हे टेबलाशी आणि मी ओट्याशी. शेवटची पोळी उतरली की तिथेच उभ्यानं आमटी-भात उरकायचा आणि बँकेची वाट धरायची. निवृत्त झाल्यावर घाई संपली, पण उभ्यानं जेवायची सवय काही सुटली नाही. त्यात काही वावगं आहे, असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

२०१८ साली मुलगी संशोधनासाठी बोलोन्याच्या विद्यापीठात होती. हे युरोपातलं सर्वांत जुनं विद्यापीठ, त्याची स्थापना १०८८ ची मानतात. शहर विद्यार्थ्यांनी भरलेलं, त्यामुळे तिथली भाडी आम्हाला झेपणारी नव्हती. मुलीच्या ओळखीतून फाएन्त्सात एका वृद्ध बाईंच्या घराचा वरचा मजला मिळाला. बोलोन्या-रिमिनी या रेल्वेमार्गावरचं हे गाव, झिलईदार मातीच्या रंगीत भांड्यांसाठी शतकानुशतकं प्रसिद्ध. शेंगेन व्हिसावर नव्वद दिवस राहता येतं. एप्रिलच्या मध्याला आम्ही गेलो, जुलैच्या सुरुवातीला परतलो आणि फाएन्त्सात बिऱ्हाड ठेवून तिथून बाकीचा इटली हिंडलो.

घर लामोने नदीच्या पलीकडच्या बोर्गो दुर्बेक्को या भागात. सिन्योरा तेव्हा ऐंशी वर्षांच्या होत्या. आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलेलं, त्यामुळे सारी गल्ली त्यांना ‘माएस्त्रा’ म्हणायची. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आहेत हे कळल्यावर त्यांनी ह्यांना ‘इंजेन्येरे’ म्हणायला सुरुवात केली. माणसाला त्याच्या कामाच्या नावानं मान देण्याची तिकडे पद्धत आहे. मला काय म्हणावं, हे त्यांनी आधी विचारून घेतलं. बँकेत होते असं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “बँक संपली. आता तुम्ही काय करता?” मी म्हटलं, घर बघते, स्वयंपाक करते. “मग तुम्ही माझ्यासारख्याच,” असं म्हणून त्यांनी मला सरळ स्वयंपाकघरात नेलं.

त्या संध्याकाळी त्यांनी कागद-पेन्सिल घेतली आणि आम्ही काय खात नाही याची यादी करायला बसल्या. मांस नाही, मासे नाहीत, अंडं चालतं. मग त्या विचारात पडल्या. आम्हाला ठाऊक नसलेल्या दोन गोष्टी त्यांनी मुलीकरवी समजावून सांगितल्या. तिथल्या रोमान्या प्रांताची रोजची भाकरी म्हणजे पियादीना, तिच्या कणकेत परंपरेनं डुकराची चरबी घालतात. आणि पार्मिज्यानो चीजचं दूध विरजायला वासराच्या पोटातलं रेनेट लागतं, नियमानंच लागतं. “हे तुम्हाला दुकानदार सांगणार नाही, म्हणून मी सांगते,” त्या म्हणाल्या. ह्यांनी पार्मिज्यानो नको म्हटलं. त्यावर त्यांनी ना आश्चर्य दाखवलं, ना आग्रह केला. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या घरी ऑलिव्ह तेलातली पियादीना होऊ लागली आणि वनस्पतिजन्य रेनेटचं चीज कुठे मिळतं याचा शोध त्यांनी स्वतः घेतला. तो कागद आम्ही निघेपर्यंत त्यांच्या फ्रिजवर चिकटवलेला होता. परक्याच्या ताटाची इतकी काळजी मी आमच्या नात्यागोत्यातही क्वचित पाहिली आहे.

आठवडाभरानं मी त्यांना वर जेवायला बोलावलं. बटाट्याची भाजी, वरण-भात, काकडीची कोशिंबीर आणि पोळ्या. भारतातून पोळपाट नेला नव्हता, ओट्यावरच लाटत होते. हे, मुलगी आणि सिन्योरा टेबलाशी बसले. मी तिघांच्या पानात पहिली पोळी वाढली आणि गॅसकडे वळले. दुसरी घेऊन आले तर पहिली तशीच होती. मला वाटलं, खायचं कसं हे त्यांना कळलं नसेल. हातानं तोडून दाखवलं आणि परत तव्याकडे गेले. तिसऱ्या खेपेला मुलगी अवघडून म्हणाली, “आई, त्या तुझ्यासाठी थांबल्यात.” मी म्हटलं, त्यांना सांग, गार होईल, सुरुवात करा. सिन्योरांनी ऐकून घेतलं. गार झालं तरी चालेल, म्हणाल्या. त्यांचे दोन्ही हात ताटाच्या दोन बाजूंना टेबलावर टेकलेले होते. त्यांनी ते उचलले नाहीत. ह्यांनीही मग हात मागे घेतला.

मी आणखी एक पोळी लाटायला घेतली. तेव्हा त्या उठल्या, ओट्याजवळ आल्या, गॅस बंद केला, उरलेल्या कणकेवर वाडगा पालथा घातला आणि माझी खुर्ची ओढून धरली. मला बसवून मगच त्या बसल्या. मग “बुऑन आपेतीतो” म्हणून त्यांनी पहिला घास घेतला. पोळ्या पुरल्या नाहीत, तेव्हा मुलीनं पाव कापला. वरण त्यांना फार आवडलं, दोनदा मागून घेतलं. मी मात्र त्या जेवणात फारसं बोलू शकले नाही.

रात्री हे म्हणाले, “तू घरी नक्की केव्हा जेवतेस, हे मला नीटसं माहीतच नाही.” त्यात अपराधाचा सूर नव्हता, वस्तुस्थिती होती. इतक्या वर्षांच्या संसारात हा प्रश्न ह्यांना पडला नव्हता आणि मीही तो पडू दिला नव्हता.

पुढच्या रविवारी दुपारी त्यांच्याकडे जेवण होतं. जेवणाची आखणी कशी असते, हे त्या दिवशी मी नीट पाहिलं. रस्सा, भाज्या, तोंडीलावणं सगळं आधी तयार. पास्ता उकळत्या पाण्यात पडायच्या वेळेस सगळे टेबलाशी हजर पाहिजेत. तो सगळ्यांचा एकदम शिजतो, एकदम निथळतो, एकदम वाढला जातो. वाढणारी व्यक्ती एप्रन काढते आणि बसते. पुढचा पदार्थ मांडायचा तो सगळ्यांचं पहिलं पान संपल्यावर. मध्ये पाणी, पाव, गप्पा. जेवण दीड तास चाललं. त्यात सिन्योरा फक्त दोनदा उठल्या, आणि त्यातल्या एका वेळी त्यांनी ह्यांना उठवून ताटल्या उचलायला लावल्या.

मी त्यांना म्हटलं, तुमच्याकडच्या बायका भाग्यवान. त्यांनी मान हलवली. त्यांचे आई-वडील कुळं होते. मेझाद्रिया म्हणतात त्या पद्धतीनं मालकाची जमीन कसायची आणि निम्मं पीक त्याला द्यायचं. एका घरात तीन-चार भावांची कुटुंबं. १९६४ च्या कायद्यानं असे नवे करार बंद झाले. त्यांच्या आईनं आणि काकूंनी सगळं आयुष्य चुलीजवळच्या बाकड्यावर जेवून काढलं, तेही बहुधा पुरुष उठल्यावर. “मला पहिला पगार मिळाला त्या दिवशी मी आईला टेबलाशी बसवलं. ती रडली नाही. मीठ कमी आहे, एवढंच म्हणाली.” तेव्हापासून रांधणारीशिवाय सुरुवात करायची नाही, हा नियम त्यांनी आपल्या घराला लावला होता. म्हणजे ही साऱ्या इटलीची रीत होती असं नव्हे. एका शाळामास्तरणीनं ती आपल्या आईसाठी पाडली होती आणि मी तिचा आयता लाभ घेत होते.

हे ऐकताना मला सासूबाई आठवत होत्या. माझाही पगार घरात येत होता. त्यांना बरोबर बसवावं, हे मला शेवटपर्यंत सुचलं नाही. आता त्या नाहीत.

सिन्योरांनी आम्हाला स्फोल्या, म्हणजे अंड्याच्या पास्त्याची पातळ पारी, शिकवली. शंभर ग्रॅम पिठाला एक अंडं, बाकी काही नाही, पाणीसुद्धा नाही. फळीवर पिठाचं आळं करायचं, त्यात अंडी फोडायची, काट्यानं हळूहळू पीठ आत ओढायचं आणि मग तळहाताच्या टाचेनं मळायचं, कणीक गुळगुळीत होईतो. अर्धा तास वाडग्याखाली विसावा द्यायचा. लाटणं आपल्या लाटण्याच्या तिप्पट लांब आणि सगळीकडे सारख्याच जाडीचं. पारी लाटण्यावर गुंडाळत, हात मध्यातून बाहेर सरकवत, पुन्हा उलगडायची. बोलोन्याचे लोक म्हणतात, स्फोल्यातून टेकडीवरचं सान लुकाचं देऊळ दिसलं पाहिजे. सिन्योरांची कसोटी साधी होती, पारीखालच्या लाकडाच्या रेषा दिसल्या की झालं. लाटण्यात माझं आयुष्य गेलेलं, तरी ही पारी मला पहिल्या काही दिवसांत साधली नाही. माझा सगळा भर दाबावर, त्यांचा ताणण्यावर. माझ्या मनगटावर बोट ठेवून त्या नुसतं ‘पियानो, पियानो’ म्हणायच्या, हळू, हळू.

ह्यांना त्यांनी कापेलेत्ती वळायला बसवलं. पारीच्या गोल चकत्या कापायच्या, त्यात रिकोता, मऊ चीज, जायफळ आणि लिंबाच्या सालीचा कीस यांचं सारण हरभऱ्याएवढं ठेवायचं, चकती दुमडून अर्धगोल करायचा आणि त्याची दोन टोकं बोटाभोवती आणून चिकटवायची. छोटी टोपी तयार होते. रोमान्यात नाताळच्या आदल्या दिवशी घरातली लहानथोर सगळी माणसं बसून हे करतात, म्हणून हे एकट्यानं करायचं काम मानलंच जात नाही. आम्ही गेलो तो मोसम नव्हता, पण ह्यांना शिकवायचंच असं त्यांनी ठरवलं होतं. धरणांचे नकाशे काढलेली ती बोटं, त्यांना हे लगेच जमलं. प्रत्येक टोपी सारख्या मापाची. सिन्योरांनी एक उचलून उजेडात धरली आणि म्हणाल्या, “इंजेन्येरे, तुम्ही इतकी वर्षं हे हात फुकट घालवलेत.” चकत्या कापून उरलेली कातरणंही टाकायची नाहीत, ती कडधान्याच्या सूपात जातात.

जूनच्या अखेरीस त्या आम्हाला फोर्लिम्पोपोलीला घेऊन गेल्या. फाएन्त्साहून गाडीनं जवळच. हे पेल्लेग्रीनो आर्तुझींचं जन्मगाव आणि दरवर्षी याच दिवसांत तिथे त्यांच्या नावानं उत्सव भरतो. आर्तुझी १८२० मध्ये जन्मले, फ्लॉरेन्सला कापडाच्या व्यापारात कमावून लवकर निवृत्त झाले आणि १८९१ मध्ये त्यांनी स्वयंपाकावर एक पुस्तक लिहिलं. प्रकाशक मिळेना, तेव्हा पदरच्या पैशानं छापलं. पुढे देशभरच्या गृहिणी त्यांना पत्रांतून पाककृती कळवू लागल्या, ते त्या करून बघत आणि नव्या आवृत्तीत घालत. पुस्तक फुगत फुगत ७९० कृतींपर्यंत गेलं. इटली देश म्हणून एकत्र येऊन तेव्हा जेमतेम तीस वर्षं झाली होती. प्रांताप्रांतांची माणसं एकमेकांचं जेवण करू लागली, त्यात या पुस्तकाचा मोठा वाटा आहे. कापेलेत्तीची कृती त्यात सातव्या क्रमांकावर आहे.

पण सिन्योरांना मला हे दाखवायचं नव्हतं. आर्तुझी अविवाहित होते. त्यांच्या घरी मारिएत्ता साबातीनी ही बाई आणि फ्रान्चेस्को रुफिल्ली हा आचारी, हे दोघं काम करत. पुस्तकातली कृती न् कृती या दोघांच्या हातून पारखली गेली होती. आर्तुझींनी एका गोड पावाला पुस्तकात मारिएत्ताचं नाव दिलं आणि १९११ मध्ये ते वारले तेव्हा मृत्युपत्रानं पुस्तकाचे हक्क या दोघांना देऊन गेले. गावातल्या ‘कासा आर्तुझी’ या संस्थेत आज स्फोल्या शिकवणाऱ्या स्वयंसेवक बायकांना मारिएत्ताच्याच नावानं ओळखतात. अंगणात ओळीनं टेबलं मांडून त्या पारी लाटत होत्या. सिन्योरा तिथे उभ्या राहून म्हणाल्या, “लिहिणाऱ्यानं रांधणारीचं देणं फेडलं, असा हा एकच माणूस मला माहीत आहे.” त्यांचं विधान खरं की अतिशयोक्तीचं, ते सोडा. हा लेख लिहायला मी बसले ती त्या वाक्यामुळे.

मधल्या आठवड्यांत आम्ही दोघं हिंडत होतो. सिन्योरांनी शाळेच्या वहीत गावोगावचं काय खायचं ते लिहून दिलं होतं. चर्च आणि संग्रहालयं तुम्हाला पुस्तकात सापडतील, म्हणाल्या. त्या वहीच्या आधारानं आम्ही फ्लॉरेन्सला बिनमिठाचा पाव खाल्ला आणि तोच पाव शिळा झाल्यावर टोमॅटोत शिजवून होणारी ‘पाप्पा अल पोमोदोरो’ खाल्ली. जेनोव्हाला संगमरवरी खलात कुटलेलं पेस्तो खाल्लं. बारीच्या जुन्या गावात, कमानीखालच्या गल्लीत, बायका दारासमोर फळी मांडून सुरीच्या टोकानं ओरेक्येत्ते पास्ता वळत होत्या आणि जाळीवर वाळत घालत होत्या. त्यांच्यातल्या एकीनं ह्यांच्या हातात सुरी देऊन पाहिली. सकाळी कॅप्युचिनो, जेवणानंतर मात्र दूध न घातलेली कॉफी, तीही काउंटरशी उभ्यानं, हे सगळं आम्ही बघून बघून उचललं.

मोदेनाला एका घराच्या माळ्यावर बाल्सामिक व्हिनेगरची पिंपं पाहिली. शिजवलेला द्राक्षरस लहान-मोठ्या पिंपांच्या रांगेत भरतात. तुती, चेरी, चेस्टनट, ओक, प्रत्येक पिंप वेगळ्या लाकडाचं. दरवर्षी सर्वांत लहान पिंपातून थोडं काढायचं, ते त्याच्यापेक्षा मोठ्यातून भरायचं, असं मागे मागे जायचं. अस्सल म्हणवून घ्यायला किमान बारा वर्षं लागतात, जुनं म्हणवून घ्यायला पंचवीस. माळाच का, तर उन्हाळ्याचा ताप आणि हिवाळ्याची थंडी दोन्ही त्याला लागते. मुलगी जन्मली की तिच्या नावानं नवी रांग लावायची तिथे चाल आहे. भरणारा आपल्यासाठी भरत नाही, हे ठाऊक असून भरतो.

नेपल्सची एक गोष्ट सांगते. तिथे ‘काफ्फे सोस्पेझो’ची प्रथा आहे. आपण एक कॉफी प्यायची आणि पैसे दोनचे द्यायचे. नंतर कुणी गरजू आला आणि ‘सोस्पेझो आहे का’ म्हणाला की ती त्याची. देणाऱ्याला घेणारा दिसत नाही, घेणाऱ्याला देणारा माहीत नसतो. ह्यांनी त्या सकाळी दोनचे पैसे दिले. त्याच संध्याकाळी फिरताना आमच्या लक्षात आलं की इथे आल्यापासून आपण रोज संध्याकाळी चालायला जातो आणि शेजारी शेजारी चालतो. सांगलीत हे चार पावलं पुढे आणि मी मागे, असं आयुष्यभर चाललं होतं. तिकडे दिवेलागणीच्या आधी सारं गाव बरे कपडे घालून रस्त्यावर येतं, कुठे जायचं नसतं, नुसतं फिरायचं, थांबायचं, बोलायचं. त्या गर्दीत पुढे-मागे चालणं शक्यच नव्हतं.

निघायच्या थोडं आधी सिन्योरांनी ह्यांना म्हटलं, तुम्ही नद्यांचं काम केलंय, चला, तुम्हाला एक नदी दाखवते. लुगो गावाच्या बाजूला सेन्यो नदीवर गेलो. नदी कसली, ओढ्याएवढी, पण दोन्ही तीरांना उंच मातीचे बांध. ह्यांनी बांधावर चढून उतार पाहिला, पात्राची पातळी पाहिली आणि म्हणाले, शेतं नदीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. सिन्योरा म्हणाल्या, याच बांधांत जर्मन सैन्य बसलं होतं. १९४४ च्या डिसेंबरपासून पुढल्या एप्रिलपर्यंत युद्धाची आघाडी या नदीवर अडली होती. त्या तेव्हा सहा वर्षांच्या. घरदार सोडून सगळं कुटुंब एका तळघरात. अलीकडच्या गावात हिंदी सैनिक होते. पत्र्यावर पातळ भाकऱ्या भाजत. सिन्योरांची आई पीठ मागायला गेली, तर त्यांनी पीठ दिलंच, शिवाय मुलांच्या हातात एकेक गरम भाकरी ठेवली. “तुम्ही त्या दिवशी पोळी वाढलीत तेव्हा मी ओळखली,” त्या म्हणाल्या. इतके आठवडे त्या हे बोलल्या नव्हत्या. मी विचारलं, म्हणून आमच्यासाठी इतकं केलंत? त्या जरा दुखावल्या. “नाही. तुम्ही माझ्या घरी आलात म्हणून केलं.”

त्या सैनिकांत मराठे असतील-नसतील. पण सेन्योवर मराठा लाइट इन्फन्ट्री लढली, हा इतिहास आहे. ९ एप्रिल १९४५ ला याच नदीच्या बांधावर तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या निमज गावच्या नामदेव जाधवांनी जखमी सोबत्यांना पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून उचलून आणलं, मग एकट्यानं मशीनगनची ठाणी बंद पाडली, आणि बांधावर उभं राहून शिवाजी महाराजांचा जयजयकार करत मागच्यांना बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याआधी १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात रायगड जिल्ह्यातले यशवंत घाडगे असेच लढले आणि तिथेच पडले, त्यांनाही तोच सन्मान मरणोत्तर मिळाला. त्यांचं स्मारक २०२३ मध्ये मोंतोने गावात उभं राहिलं. मी शाळेत इतिहास शिकले, सांगलीत जन्म काढला, पण या दोघांची नावं मला फाएन्त्साच्या एका शिक्षिकेमुळे कळली.

परत आल्यावर मी पोळ्या आधी करून, फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवायला लागले. पहिल्या दिवशी हे टेबलाशी बसले आणि मी ओट्याशी काहीतरी आवरत राहिले, सवयीनं. ह्यांनी हात लावला नाही. दोन्ही हात ताटाच्या बाजूंना टेकून बसून राहिले. तेव्हापासून आमच्याकडे कुणी पाहुणा आला, वडीलधारं माणूस आलं, तरी सगळे एकदम बसतो. काहींना ते रुचलं नाही. गरम पोळी चुकते, ही त्यांची तक्रार खरी आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि गावभागातल्या आमच्या घराचा तळमजला बुडाला. आम्ही मिरजेला नातेवाइकांकडे होतो, एका घरात कितीतरी कुटुंबं. सिन्योरांचा फोन मुलीमार्फत रोज यायचा. घराची चौकशी करून झाली की त्यांचा प्रश्न ठरलेला, “आज कुणाबरोबर जेवलात?” त्या दिवसांत आम्ही रोज अनोळखी माणसांच्या पंगतीत जेवत होतो.

मग २०२३ च्या मे महिन्यात लामोने फुटली. त्या एका महिन्यात फाएन्त्सात दोनदा पाणी शिरलं आणि बोर्गो दुर्बेक्कोत दुसऱ्या खेपेला ते रात्रीचं आलं. सिन्योरा पंच्याऐंशीच्या होत्या. आम्ही राहिलो होतो तो वरचा मजला रिकामा होता, तिथे चढून गेल्या म्हणून वाचल्या. खालचं स्वयंपाकघर चिखलानं भरलं. दूरदूरच्या गावांतून तरुण मुलं फावडी घेऊन आली आणि ओळीनं उभं राहून घराघरातला गाळ बादल्यांनी बाहेर काढत राहिली. आता रोज फोन आम्ही करत होतो. पुरातून निघालेलं घर कसं हाताळायचं, हे आम्हाला ठाऊक होतं. ह्यांनी त्यांना सांगितलं, तळघरातलं पाणी एकदम उपसू नका, भिंतींवर दाब येतो. लाकडी सामान उन्हात टाकू नका, सावलीत वाळू द्या. स्फोल्याची फळी तरीही वाकली. त्यांनी ती टाकून दिली आणि नवी आणली.

गेल्या वर्षी आम्ही पुन्हा जाऊन आलो. भिंतीवर पाण्याची खूण अजून आहे. कापेलेत्ती आता हे वळतात, सारण मी करते आणि सिन्योरा बसून देखरेख करतात. डिसेंबर २०२५ मध्ये दिल्लीत भरलेल्या युनेस्कोच्या बैठकीत इटलीची पाककला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत आली, आपली दिवाळीही त्याच बैठकीत. मी फोनवर त्यांचं अभिनंदन केलं. त्यांनी आभार मानले आणि पोळीही त्या यादीत घेतली का, असं विचारलं. मी म्हटलं, अजून नाही.

इटलीला निघणाऱ्या मराठी मंडळींना एक विनंती करते. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस कराच, पण बोलोन्याहून रिमिनीकडे जाणाऱ्या गाडीनं एक दुपार फोर्लीला उतरा. तिथे हिंदी सैनिकांची युद्धस्मशानभूमी आहे. ज्यांचं त्यांच्या धर्मानुसार दहन झालं, त्यांची नावं स्मारकावर कोरली आहेत आणि त्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान आहेत. आम्ही गेलो तेव्हा आमच्याशिवाय तिथे कुणीही नव्हतं. फुलं बाहेर मिळतातच असं नाही, ती स्टेशनजवळच घ्या.